खाचा कुणीकडे

कॉव्हेंट्रीत फेब्रुवारीत पाचलाच अंधार.
गॅरेजमध्ये एक ट्यूबलाइट, मनात येईल तेव्हा लागणारी,
एक पॅराफिनचा हीटर, आणि दुधाच्या पालथ्या क्रेटवर
माझा बाप, डेस्मंड हॅलम, वय चौऱ्याऐंशी,
एका हाताने दुसरा हात धरून बसलेला.

त्या हातांना आता चहाचा कप पेलत नाही.
तोंड मात्र चालतं.
"अर्ध्या इंचाचा घे. तो नव्हे. तो मिलिमीटरचा, परका."

गाडीचा अख्खा पुढचा भाग झुकून उघडतो,
दातांच्या डॉक्टरसमोर आ वासल्यासारखा.
ट्रायम्फ, बाहत्तरची, कधीकाळी हिरवी.
केनिलवर्थजवळच्या एका कोठारात
पंचेचाळीस वर्षं पडून. मीटरवर अकरा हजार मैल.
मालकाची बहीण म्हणाली, आवाज येऊ लागला
म्हणून त्याने ठेवली, मग लग्न झालं,
मग राहिलीच.

इंजिन वर काढायला दोन रविवार गेले.
साखळीला लटकून ते हळूहळू स्वतःभोवती फिरलं
आणि कुठूनसं काळं तेल माझ्या बाहीत उतरलं.
नायजेल कुंपणावरून म्हणाला,
"शाळेतल्या बाईंना हे कुठलं खूळ?"
मी मुलांना भागाकार शिकवते, नायजेल.
बाकी किती उरते ते बघायची सवय आहे मला.

शाफ्ट पुढे ढकलला, मागे ढकलला.
फटीत गेजची पाती एकावर एक सरकवत गेले.
सहा हवं, फार तर आठ, इंचाचे हजारावे भाग:
दोन केस मावतील आणि थोडं तेल.
इथे बत्तीस.

मागची कॅप सोडवली. वॉशर निघाला,
अर्धगोल, फुटलेल्या बांगडीसारखा.
एका अंगाला मऊ धातू, त्यात तेलासाठी दोन खाचा.
खाचा शाफ्टकडे हव्यात. शेंबड्या पोरालाही कळतं,
असं तोच सांगायचा.
या खाचा ब्लॉककडे बघत होत्या,
कोऱ्या करकरीत,
शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं पोर
विसरून सगळे घरी निघून जावेत, तशा.

"उलटा बसवलाय."
हीटर फुरफुरला.
"शुक्रवारचं इंजिन," तो म्हणाला.
"पगाराचं पाकीट खिशात, लक्ष घड्याळाकडे."

बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.
काम झालं की प्रत्येक फिटर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा.
लहानपणी त्याच्या डगल्यावरचे तसले ठिपके
मी मोजलेत. रंग आठवेना.
खरंच आठवेना.
"तुझा कुठला होता?"

त्याने वॉशर मागून घेतला, तळहातावर ठेवला.
तळहात थरथरत होता, वॉशर किणकिणत होता
लग्नाच्या अंगठीवर.
"डबे सगळ्यांचे एकच असायचे," तो म्हणाला
आणि चहा मागितला. या वेळेला तो कधी घेत नाही.

शाफ्ट घासायला नन्ईटनला गेला,
ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मागच्या सीटवर, पट्टा लावून.
नवे वॉशर आले, तसूभर जाड.
बसवताना मी तीनदा मोठ्याने म्हटलं: खाचा शाफ्टकडे.
त्याने तिन्ही वेळा मान हलवली,
किंवा ती नुसतीच हलली.
सात.

एप्रिलच्या एका शनिवारी ती खोकली, शिंकली, लागली.
तेलाच्या दाबाचा काटा उठून उभा राहिला.
नायजेलने टाळ्या पिटल्या.
डॅड आत गेला, टीव्हीवर स्नूकर होतं.

रात्री दीडला गॅरेजमध्ये उजेड.
पायजम्यावर कोट, पायांत सपाता,
इंजिनापुढे वाकून उभा होता,
पुलीवर एक बोट टेकवून.
"बरी आलीस. क्लच दाब."
पेडल बर्फ, माझे पाय अनवाणी.
दाबला. सोडला. दाबला.
"हलतंय?"
"गप," तो म्हणाला. "अजून एकदा."